गोपीला मी शिकवलेलं मराठी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — आईलासुद्धा नाही. आत्ता कारखान्यात जेवणाची सुट्टी आहे, साहेब बाहेर गेलेत, टाइपरायटर समोर आहे आणि माझी बोटं थांबतच नाहीयेत. तर टाइप करून टाकते एकदाचं.

आधी पुस्तकांचं सांगू? त्या जादूच्या कादंबऱ्या हो — उडता पाट, बोलणारी विहीर, सात दारांमागचा राक्षस! आमच्या चिंचवडच्या शाळेत कपाटभर होत्या. त्यांत कुणी साधं म्हणून बोलत नाही — भूक लागली तरी राजपुत्र म्हणणार, "हे सखे, क्षुधेने प्राण व्याकूळ झाले!" राजकन्या तर नुसत्या रडतात. पण पाट उडाला की सगळं माफ! मला तर अजूनही माफ.

गोपी पिंपरीच्या निर्वासितांच्या कॅम्पातली, फाळणीत सिंधमधून आलेली. माझ्याच वयाची, अकराची. तिला पाचवीत, माझ्या वर्गात यायचं होतं, पण मराठी येत नव्हतं. मीच कपाटातली पुस्तकं नेऊन दिली. तीन महिन्यांत फडाफडा वाचायला लागली! पाट उडाला तेव्हा तर टाळ्याच वाजवल्या तिने. आणि गणितं — ती माझ्याआधी सोडवायची.

एकदा तिने विचारलं, "लोक खरंच असं बोलतात?" कॅम्पात सगळे सिंधीच बोलायचे, तिला कसं कळणार?

मी म्हटलं, "अगं, मोठ्यांशी असंच बोलायचं असतं."

गंमत म्हणून म्हटलं? — नाही. मला ती माझ्या वर्गात नको होती.

मग मीच तिला हेडबाईंकडे घेऊन गेले. गोपीने हात जोडले आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "हे गुरुमाउली, या अभागिनीला आपल्या चरणी आश्रय द्या!"

बाई लालबुंद. "चेष्टा करतेस माझी? कुणी शिकवलं गं हे?"

गोपीने माझ्याकडे बघितलं. मी — अगदी तिला खेटून उभी होते — फरशीकडे बघत राहिले. मग ती हळूच म्हणाली, "पुस्तकाने, बाई."

तिला दुसरीत बसवलं, चिमुरड्यांच्या रांगेत. कपाटाला कुलूप लागलं. दिवाळीनंतर ती शाळेत यायचीच बंद झाली. तिच्याकडचं उडत्या पाटाचं पुस्तक तेवढं तिने माझ्या घरी आणून दिलं. ते मी शाळेला परत केलंच नाही. प्रत्येक पानाच्या कडेला तिने पेन्सिलीने सिंधीत शब्दांचे अर्थ लिहून ठेवलेत. अजून वाचते मी ते. पाट अजून उडतो. कडेचं मला वाचता येत नाही.

त्या कादंबऱ्यांत खोटं बोलणाऱ्याचा शेवटच्या पानावर दगड होतो. हीच त्यांची सगळ्यात मोठी खोट. माझा नाही झाला. त्या वर्षी पाचवीत माझा पहिला नंबर आला.