जेठाचा घास

प्रकाशा गावाच्या खालच्या अंगाला तापीवर एक उतार होता. माणसं, बैलगाड्या आणि मिरच्यांची पोती पलीकडे न्यायला तिथे दोन नावा होत्या. पहिली नाव काठाला लागली तरी लोक तिच्याकडे ढुंकून बघत नसत. तिचा नावाडी ओरडून ओरडून घसा कोरडा करी. कोरीटहून बाजाराला निघालेले शेतकरी बैलांपुढे चारा टाकून निवांत बसत आणि म्हणत, "रेवजीनी नाव येऊ द्या भाऊ. आम्हले काय घाई शे?" घाई असायचीच. पण रेवजीच्या नावेत बसायचं म्हटलं की माणसं ती घरी ठेवून येत.

रेवजी काही नावेचा मालक नव्हता. मालक होते करणसिंग गिरासे, उताराचे ठेकेदार. सुकाणू धरायचा गोवाल. रेवजी नुसता नावेच्या नाकावर उभा राहून लांब बांबूने पाण्याचा ठाव घेणारा गडी. पुढे वाळू आहे की डोह, ते त्याने ओरडून सांगायचं आणि गोवालने नाव वळवायची. हात बांबूवर आणि तोंड रिकामं, अशी त्या कामाची तऱ्हा. त्या रिकाम्या तोंडातून कथा निघायची. उंच, काटकुळा, पुढचे दोन दात पडलेला हा माणूस सांगायला लागला की मिरचीच्या पोत्यांशेजारी बसलेली माणसं शिंकसुद्धा दाबून धरत.

लोकांना हवं असायचं ते माकडांचं लग्न. मांडवात गूळ कमी पडला म्हणून नवरीची आई रुसते आणि जाऊन झाडाच्या शेंड्यावर बसते. खाली व्याही हात जोडून उभे, पण शेपट्या मात्र रागाने ताठ. रेवजी ती विहीण होई, तो व्याही होई, मध्येच मांडवाचा खांब होई. बायका डोळ्यांना पदर लावून हसत. विहीण झाडावरून उतरायला आणि नाव पलीकडच्या काठाला लागायला एकच गाठ पडे. लोक हसत हसत उतरत, बैल जुंपत, चालू लागत.

आणि रेवजी मागून ओरडे, "अरे, म्होरे ऐका ना! अजून तो समिंदरवर बी पोचना नही!"

कोण पोचला नाही, हे कुणी विचारत नसे.

कथा माकडांची नव्हतीच. ती दोन भावांची होती. तोरणमाळच्या खालच्या एका पाड्यावर रेवजीचा काका नारसिंग ती रात्रभर गाऊन सांगायचा. डोंगरात अजून धान्य नव्हतं, माणसं कंदमुळं खात होती, तेव्हाची गोष्ट. थोरला भाऊ समुद्रापलीकडून बंटीचं बी आणायला निघतो. बंटी म्हणजे डोंगरातलं राळ्यासारखं बारीक धान्य. धाकटा रान तयार करून वाट बघत बसतो. माकडांचं लग्न थोरल्याला वाटेत लागतं, निघाल्यावर थोड्याच वेळात. ते काकाने मध्ये घातलेलं, मुलं पेंगू नयेत म्हणून. मुख्य गोष्ट पुढेच होती.

आणि त्या कथेचा एक नियम होता. बी घरी पोचल्याशिवाय कथा सोडायची नाही. सोडली तर थोरला भाऊ तिथेच वाटेत अडकतो, उपाशी. मग सांगणाऱ्याने आपल्या ताटातला एक घास त्याच्यासाठी बाजूला काढायचा, कथा पुरी होईपर्यंत, रोज. नारसिंगकाकाला असा घास कधी काढावा लागला नाही. तो पहाटेपर्यंत गाऊन थोरल्याला घरी आणूनच तांब्यातलं पाणी प्यायचा.

रेवजी मजुरीसाठी खाली उतरला, नावेवर लागला, आणि पहिल्याच दिवशी वेळ घालवायला म्हणून त्याने कथा काढली. तीच त्याची चूक. नदी किती रुंद आणि कथा किती लांब, याचा हिशोब त्याने केलाच नाही. त्या दिवशी थोरला भाऊ घरातून निघाला तो निघालाच. येताना नावेत नवी माणसं. त्यांना आधीचं काय ठाऊक? पुन्हा पहिल्यापासून. रेवजीने त्या बिचाऱ्याला हजारदा घरातून बाहेर काढलं आणि एकदाही परत आणलं नाही.

घास मात्र रोज निघे. रेवजीची बायको मोतीबाई नदीकाठच्याच गावची. तिला डोंगरातली बोली येत नव्हती, कथा ठाऊक नव्हती, पण नवऱ्याचा थोरला भाऊ म्हणजे आपला जेठ, एवढं नातं तिला बरोबर कळलं होतं. भाकरीचा तुकडा ताटाबाहेर गेला की ती कपाळाला हात लावून म्हणे, "सोयरा तो आसा! रोज जेवस, पन एक दिन बी कामले येत नही." सकाळी तो घास कोंबड्या खात. कोंबड्या धष्टपुष्ट होत्या.

रेवजीला हसू येत नसे. त्याला खरंच राग यायचा. दात-ओठ खाल्ले असते, पण दात कुठे होते! काका वारला, काकाची मुलं मजुरीला गुजरातेत पांगली, कथा आता एकट्या रेवजीच्या पोटात होती. ती एकदा, फक्त एकदा, शेवटापर्यंत कुणाला तरी सांगावी, एवढंच त्याचं मागणं होतं. काही राज्य मागत नव्हता तो.

त्याने काय नाही केलं? एकदा जाताना जिथे सोडली तिथून परतीच्या नावेत पुढे सुरू केली. लोक म्हणाले, "हाई काय रे? माकडं कोठे शेतस?" एकदा गोवालला म्हणाला, नाव जरा हळू ने. गोवाल म्हणाला, "तुन्हा भाऊ पोचो ना पोचो, माले सांजले घर पोचानं शे." एकदा संध्याकाळी काठावर बसून सांगायला लागला, तर बैलांना घराची ओढ आणि माणसांना बैलांची. गिरासेंच्या घरी लग्न निघालं, तेव्हा त्याला मानाने बोलावणं आलं. रेवजी नवं धोतर नेसून गेला. आता रात्र आपली, असं त्याला वाटलं. माकडांचं लग्न झालं, वऱ्हाडी गडाबडा लोळले, गिरासेंनी पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "बस, आते जेव." रेवजी जेवला. एक घास ताटाबाहेर काढला. शेजारचा म्हणाला, काय रे, आवडलं नाही का?

माणूस लोकांना फार आवडला की त्याचं कोणी ऐकत नाही. त्यांना त्याचं आवडतं तेवढंच ऐकायचं असतं. रेवजी हे असं बोलून दाखवत नसे, पण लोक "रेवजी, रेवजी" करत नावेत चढायला लागले की तो पचकन पाण्यात थुंके.

मग एका वर्षी चैत्रात पाणी फार उतरलं. नदीच्या मधोमध वाळूचा एक लांब दांडा वर येऊ पाहत होता. दुपारची नाव भरलेली होती. धानोऱ्याकडची लग्नाला निघालेली माणसं, दोन गाड्या, बैल, आणि पुढच्या फळीवर बुधीबाई नावाची एक म्हातारी, मांडीवर कोंबडी घेऊन. रेवजी नाकावर उभा. बांबू हातात. आणि नाव सरळ जाऊन वाळूत रुतली.

वाळू दिसलीच नाही, असं रेवजी शेवटपर्यंत म्हणत राहिला. आंधळ्याला दिसली असती, असं गोवालचं मत होतं.

ढकलून पाहिलं, बैल उतरवून पाहिलं. नाव हलेना. गोवाल शिव्या देत, गळ्याएवढ्या पाण्यातून काठावर गेला, जास्तीची माणसं आणि दोर आणायला. लोकांनी डोक्यावर उपरणी घेतली. कोणी म्हणालं, "रेवजी, आते तूच शे रे भो. लाव लगीन!"

रेवजीने लग्न लावलं, पण झटपट. विहिणीला झाडावर नीट बसूही दिलं नाही. लोक हसले, आणि उतरायला उठायच्या सवयीने थोडे हललेही. पण उतरणार कुठे? चारी बाजूंना पाणी. रेवजी पुढे निघाला.

थोरला भाऊ समुद्राकाठी पोचला. नावेतली कुजबुज थांबली. तो पलीकडे गेला, धान्याच्या राखणदारांकडे चाकरीला राहिला. तिथून निघताना राखणदार झडती घेतात, केस उलगडतात, नखं तपासतात, म्हणून त्याने बंटीचा एक दाणा जिभेखाली धरला आणि निघाला. आता तोंड उघडायचं नाही. वाटेत वाघाने नाव विचारलं, हा गप्प. तहान लागली, पाणी प्यायचं नाही. बुधीबाईने कोंबडीची चोच मुठीत धरली, तिने मध्ये ओरडू नये म्हणून. रेवजीचा आवाज इतक्या वर्षांत असा कोणी ऐकला नव्हता. तो ना विहीण होत होता ना खांब. नुसता सांगत होता. त्याच्या अंगावर काटा आला होता. इतका आनंद त्याला लग्नाच्या दिवशीही झाला नव्हता.

थोरला आपल्या गावच्या नदीवर आला. पलीकडे धाकटा, हातात धनुष्य. इतक्या वर्षांत थोरल्याची दाढी वाढलेली, ओळख पटेना. धाकटा ओरडला, "कोन शे रे तठे? बोल, नहीतं बाण सोडस!" आता बोलावं तर दाणा पाण्यात. न बोलावं तर बाण छातीत.

"मंग थोरलानी काय करं," रेवजी म्हणाला, आणि थांबला.

पुढचं त्याला आठवेना.

त्याने डोंगरातल्या बोलीत मनातल्या मनात ओळ धरायचा प्रयत्न केला. काकाचा आवाज ऐकू येत होता, शब्द येत नव्हते. खालच्या लोकांसाठी त्याने कथा अहिराणीत आणली होती, पण माकडांपर्यंतच. पुढचं कधी लागलंच नाही. उभ्या उभ्या तो इतकं घेऊन आला, हेच खूप. पण थोरल्याने तिथे काहीतरी केलं होतं. अगदी साधं काहीतरी. लहानपणी ते ऐकून रेवजी रडला होता. रडलेलं आठवत होतं, आणि ते काय होतं, ते गेलं होतं. पहिला भाग हजारदा सांगता सांगता शेवट झिजून गेला होता.

रेवजी तोंड मिटून उभा राहिला. डोळ्यांत पाणी आलं.

आणि नावेत एकच कल्ला झाला. लोकांनी टाळ्या पिटल्या. "वाऱ्हे रेवजी! काय सोंग काढं रे भो! जसाना तसा मुका भाऊ!" कोणी शिट्टी मारली, बैल बुजला. तेवढ्यात गोवाल माणसं आणि दोर घेऊन आला, सगळे हसत खिदळत पाण्यात उतरले, जोर लावला, आणि नाव सुटली. जी दुपारभर हलली नाही, ती आत्ताच सुटायची होती.

पलीकडे उतरताना बुधीबाई मागे थांबली. तिने विचारलं, "भाऊ, पोचना का तो घर?"

रेवजीने तिच्याकडे पाहिलं. तेवढी एकच विचारणारी भेटली, तीही अशा दिवशी.

"पोचना, माय," तो म्हणाला.

बातमी त्याच्याआधी घरी गेली होती. दिवेलागणीला मोतीबाईने भाकरी वाढली ती हसत हसत. "लोके सांगी ऱ्हायनात, आज तुन्ही कहानी पुरी व्हयनी. जेठ घर गया ना एकदाना? आते घास काढू नको."

रेवजीने भाकरी मोडली आणि पहिला तुकडा ताटाबाहेर ठेवला. मग दुसराही उचलला, तोंडाकडे नेला, आणि त्याला हुंदका आला. मोतीबाई बघत राहिली. तिला सगळं कळलं असं नाही, पण सोयरा घरी गेलेला नाही एवढं कळलं. ती उठली आणि आजवर कधी केलं नव्हतं ते केलं. त्या बाहेरच्या तुकड्यावर चिमूटभर लाल चटणी ठेवली.

"कोरडं कसं खाई तो?" ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी घाटावर गर्दी नेहमीपेक्षा जास्त होती. नाव सुटायच्या आत लोक ओरडायला लागले, "माकडं ऱ्हाऊ दे! मुका भाऊ दखाड रे, मुका भाऊ!" रेवजीला वाटलं, बांबू टाकावा आणि पाण्यात उडी घ्यावी. पण पोट होतं, गिरासे काठावर उभे होते. तो नाकावर गेला, तोंड मिटून उभा राहिला, समोरच्या काठाकडे बघत. लोक हसून हसून एकमेकांच्या अंगावर पडले. रेवजी सोंग करत नव्हता. तो आठवत होता. पुढे कित्येक वर्षं रोज, प्रत्येक खेपेला, तो तसाच उभा राहिला. लांब लांबचे लोक खास ते बघायला येत. असा मुका भाऊ कोणी करत नाही, म्हणत.

रेवजी वारला तेव्हा घाटावर मोठी हळहळ झाली. नावेतली मजा गेली, असं लोक म्हणाले. मोतीबाई त्यानंतरही बरीच वर्षं जगली. जेवायला बसली की ती भाकरीचे दोन तुकडे बाजूला काढी आणि दोन्हींवर चटणी ठेवी. शेजारणीने एकदा विचारलं, दोन कशाला?

"एक व्हता, आते दोन व्हयनात," मोतीबाई चिडून म्हणाली. "दोन्ही बी तठेच उभा शेतस, नदीवर. तोंड उघडतीन तं घर येतीन ना!"