पावसाला वाईट म्हणायचं

जळकोटची पंचशीला उदगिरातल्या एका दवाखान्यात वॉर्डातली आया. म्हाताऱ्यांना उठवायचं, बसवायचं, न्हाऊ घालायचं. त्यातच तिला जपानातल्या नोकरीचं कळलं, तिथंबी म्हाताऱ्यांचंच करायचं. आता जी बाई नांदेडला जायचं तरी आईला संगं न्यायची, ती जपानला निघाली! गल्लीनं लई चिडवलं. पोरगी हटली न्हाई.

साल दुष्काळाचं. ड्युटी करून यायची, टँकरच्या रांगेत घागरी लावायची आन् तिथंच भिंतीला टेकून, डोळे मिटून जपानी पुटपुटायची, "आश्ता नो तेन्की वा दो देस का?"

"काय म्हणून राहिलीस गं?" आई सरजाबाई इचारायची.

"उद्या हवा कशी असंल, असं इचारलं. शेवटी 'का' लावलं की झाला सवाल."

"आन् जबाब?"

"आमे देशो. बहुतेक पाऊस यील. पक्कं नसलं की देशो."

झालं! रांगेतल्या बायांना आयतंच सापडलं. टँकर येतो का? देशो. उदगीर जिल्हा होतो का? देशो गं बाई, देशो!

मोबाईलवर मुलाखत झाली. समोरच्या जपानी बाईनं म्हाताऱ्या पेशंटचं सोंग घेतलं. पंचशीलानं हवा इचारली. बाई म्हणाली, उद्या पाऊस. आमची पंचशीला खुलली, "योकात्ता!" म्हणजे, लई बरं झालं!

नापास. म्हातारीचं मन कळत न्हाई म्हणे.

जपानी शिकवणाऱ्या सौदामिनी मॅडमनी कपाळाला हात लावला. "अगं, तिकडं पाऊस म्हणजे म्हातारीचं फिरणं बुडालं. 'झान्नेन देस ने' म्हणायचं. अरेरे, वाईट झालं! पुढच्या महिन्यात आणखी एकदा बोलावलंय. तेव्हा चुकलीस तर संपलंच."

घरी सरावाला बसली, तर 'झान्नेन'पाशीच थांबायची. सरजाबाई चपला घालून उठली. "तू म्हण. मी भाईर बसते. असल्या सालात पावसाला वाईट म्हणलेलं मला ऐकवत न्हाई."

महिनाभर सरजाबाई उन्हात बसली.

दुसऱ्या मुलाखतीत जपानी बाई पुन्हा म्हणाली, उद्या पाऊस. पंचशीला म्हणाली, "झान्नेन देस ने."

पास!

भाईर येऊन ती आईशेजारी धपकन बसली.

"झालीस का पास?"

"हाव."

"मग तोंड कामून असं?"

"पावसाला वाईट म्हणले गं, आई."

सरजाबाईनं पदरानं मान पुसली. "तिकडच्या पावसाला म्हणलीस. आपला कुठं हितं हाय ऐकायला?"