गुरुवारचा बारीक आवाज

आमच्या कंपनीत मोबाईल आत न्यायला बंदी आहे. शिफ्ट सुटली की लॉकर उघडायचा, मोबाईल काढायचा आणि गेटपर्यंत चालता चालता दिवसभराचं सगळं एकदम वाचून काढायचं. त्या दिवशी लाईनवरच्या कामगारांच्या ग्रुपवर मुनीरचा फोटो होता. मला वाटलं, वाढदिवस असेल गड्याचा. खाली बघतो तर कुणी हात जोडलेले, कुणी पांढरी फुलं टाकलेली... आणि एकानं लिहिलेलं, 'मुनीरभाई सकाळी गेले. दफन दुपारच्या नमाजनंतर, दौंडला.' तेव्हा दुपार पार कलली होती. तरी गाडी काढली. शिक्रापूरच्या ट्रकांतून कशी बाहेर पडली देव जाणे, वाटेत न्हावऱ्याला घरी सांगायलासुद्धा थांबलो नाही. दौंडला कब्रस्तानाच्या फाटकाशी पोचलो तर माणसं हात-पाय धुऊन परत निघाली होती. गेलेल्या माणसाला ताटकळत ठेवू नये, लवकर मातीआड करावं, अशी त्यांच्यात शिकवण आहे, हे मला मुनीरनंच कधीतरी सांगितलं होतं. ओल्या मातीकडं बघत उभा राहिलो आणि खोटं कशाला सांगू, रडू आलं नाही, राग आला. आजारी होता म्हणे कितीतरी महिने. आणि हे मला परक्या माणसांनी फाटकात सांगितलं.

मुनीर माझा मैतर. दोघंही न्हावऱ्याचे, शाळेपासून एका बाकावरचे. आमचं घर धनगराचं, आजोबांपर्यंत मेंढरं होती, मग शेती आली, मग मी शिक्रापूरला कंपनीत लागलो आणि वर्षभरानं मुनीरलाही ओढून नेलं. एकाच मोटरसायकलवर जाऊन-येऊन आमच्या तरुणपणाची पाठ मोडली. शाळेत हा पोरगा माझ्याइतकाच वांड होता. पण बाप गेल्यावर त्यानं एक नेम धरला, पैगंबरसाहेबांनी जसं केलं तसं आपण करायचं. तो त्याला सुन्नत म्हणायचा. आम्हाला त्या शब्दाचा एकच अर्थ ठाऊक, सुंता, त्यामुळं पहिल्यांदा सांगितलं तेव्हा अख्खी लाईन खिदळली. त्यानं बिचाऱ्यानं शांतपणे समजावून सांगितलं, की बाबांनो, उठण्या-बसण्यापासून शेजाऱ्याशी वागण्यापर्यंत सगळं त्यात येतं. कंपनीत असलं पाळणं सोपं नव्हतं. कूलरपाशी आम्ही सगळे उभ्या उभ्या घटाघटा पाणी ओतून घेणार, हा ग्लास घेऊन बाजूला उकिडवा बसणार आणि तीन दमांत पिणार. कुणी म्हणायचं, "काय रं मुन्या, नट पडला व्हय खाली?" तो म्हणायचा, "तुझी अक्कल पडलीया, ती हुडकतोय." पँट घोट्याच्या वर दुमडलेली दिसली की आम्ही विचारायचो, घोडनदीला पूर आलाय का. सोमवारी आणि गुरुवारी त्याचा रोजा. रमजान नसतानाही. त्या दिवशी दुपारनंतर त्याचा आवाज बारीक व्हायचा, मशीनच्या गोंगाटात ऐकूच यायचा नाही. सुपरवायझर ओरडला की मीच सांगायचो, "साहेब, आज गुरुवार हाय, मुन्याचा आवाज उद्या येईल."

आमचं एकच मोठं भांडण झालं. कासुर्डीला माझ्या चुलतबहिणीचं गोरज मुहूर्ताचं लग्न होतं. आधीच उशीर, त्यात चौफुल्याच्या अलीकडं ह्यानं गाडी थांबवली, अस्रच्या, म्हणजे दुपार कलल्यावरच्या नमाजची वेळ झाली म्हणून. मला वाटलं, पाच मिनिटांत होईल. पण नमाजआधी हात-पाय धुवायला पाणी हुडकण्यातच वेळ गेला. आम्ही मांडवात पोचलो तेव्हा अक्षता पडून पंगती बसल्या होत्या. मी चारचौघांत त्याला वाट्टेल ते बोललो. मग दोन दिवस अबोला. गंमत म्हणजे अबोला धरून आम्ही एकाच गाडीवर जात होतो, खड्डा आला तरी मागचा पुढच्याला काही सांगत नव्हता. तिसऱ्या दिवशी पेट्रोल पंपावर त्यानं गाडी लावली आणि माझ्यासमोर येऊन उभा राहिला. "सलाम आलेकुम, दत्ता. बोल आता."

"का बोलू?"

"तीन दिसाच्या वर अबोला धरायचा न्हाई आमच्यात. आज तिसरा दिस हाय."

"तुझा नेम मला कुठं लागू हाय रं?"

"मला लागू हाय की," तो म्हणाला, "आन् मैतर तर तूच हायेस. मग मी बोलू कुनासंगं, पंपासंगं?" मला हसू फुटलं आणि भांडण तिथंच मिटलं.

मग आबा आजारी पडले. माझे वडील. शेवटचे काही महिने खाटेवरच होते. पाहुणे यायचे, चहा प्यायचे, आबांसमोरच 'आता काय खरं न्हाई' म्हणायचे आणि तासन्‌तास ठिय्या द्यायचे. मुनीर शिफ्ट सुटली की घरी जायच्या आधी आमच्याकडं. उशापाशी उजव्या अंगाला स्टूल ओढायचा, आबांच्या कपाळावर हात ठेवायचा, ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटायचा आणि विचारायचा, "आबा, काय खावंसं वाटतंय?" एकदा आबा म्हणाले, भेळ. डॉक्टरनं सगळं बंद केलेलं. ह्यानं जाऊन भेळ आणली आणि चिमूटभर त्यांच्या जिभेवर ठेवली. आबांचा चेहरा असा खुलला की माझी आई पदर तोंडाला लावून आत गेली. पण मुनीर कधी फार बसायचा नाही. मी म्हणायचो, थांब की जरा. तो म्हणायचा, "आजाऱ्यापाशी लई बसू नये. त्याला पाठ टेकायची असती, आपल्या भिडंपायी बोलत ऱ्हातो." एकदा मी म्हणालो, मुन्या, तुझे उपकार कुठं फेडू. तर चिडलाच. "उपकार कसलं? आजारी मान्साचा हक असतो त्यो आपल्यावर." मी मुद्दाम डिवचलं, "आमच्यातल्या मान्साचाबी?" तेव्हा त्यानं सांगितलं, की पैगंबरसाहेबांकडं कामाला असलेला एक यहुदी मुलगा आजारी पडला, तर ते स्वतः त्याच्या घरी गेले आणि उशापाशी बसले. "मग? जात बघून ताप येतो व्हय?" आबा गेले तेव्हा मी पार ढासळलो होतो. तिरडी बांधण्यापासून सगळ्याला तोच पुढं होता.

त्यानंतर थोड्याच महिन्यांत त्यानं कंपनी सोडली. म्हणाला, दौंडला सासरे थकलेत, त्यांची बेकरी बघणारं कुणी नाही. बेकरी होती, सासरेही थकलेले होते, त्यात काही खोटं नव्हतं. मी येतो म्हणालो की काही ना काही निघायचं... भट्टीचं काम, ईद, पाहुणे. फोन मात्र यायचा. इतर दिवशी मी केला तर उचलायचा नाही, पण सोमवारी नाहीतर गुरुवारी त्याचाच फोन यायचा. आवाज बारीक. मी विचारायचो, "का रं, आवाज का खोल गेलाय?" तो म्हणायचा, "आज वार कोनता?" मी म्हणायचो, "गुरुवार." "मग?" असं म्हणून हसायचा. आणि मी येडा, मीसुद्धा हसायचो. 'कसा हायेस' विचारलं तर ठरलेलं उत्तर, "अल्लाचं शुक्र हाय."

तो गेल्यावर काही आठवड्यांनी मी दौंडला त्याच्या घरी गेलो. रागातच गेलो होतो. भाभी इद्दतीत होत्या. नवरा गेल्यावर त्यांच्यात बाईनं चार महिने दहा दिवस घराबाहेर पडायचं नसतं, परक्या पुरुषासमोर यायचं नसतं. त्या पडद्याआडून बोलल्या. मुनीरचे सासरे, ज्यांना आम्ही चाचा म्हणतो, माझ्याजवळ बसले. मी म्हणालो, "भाभी, एवढ्या आजारात रोजे कशाला धरू दिले त्याला? आवाज पार गेला हुता."

पडद्यामागनं त्या म्हणाल्या, "रोजे कुठले भाऊजी? पोटात गाठ निघाली तवापासनं एक बी रोजा झाला न्हाई. पेज ठरत नव्हती. तुमाला फोन करायचा म्हनून सोमवारची वाट बघायचे. म्हनायचे, दुसऱ्या वारी केला तर दत्ता लगीच वळखंल."

अरे लबाडा! एक शब्द खोटा बोलला नाहीस तू. फक्त वार विचारलास. ज्या नेमानं जन्मभर सरळ वागलास, त्याच नेमाच्या आडून मला फसवलंस. अख्ख्या तालुक्यातल्या आजाऱ्यांच्या उशाला बसलास, आणि स्वतःच्या उशाला यायची मला बंदी? हक्क आहे म्हणाला होतास ना? मग तू तो मागितला का नाहीस? मागणाराच गप्प बसला तर देणाऱ्यानं कुठं जायचं?

"मी लई डाव म्हनले, भाऊजींना सांगू का," भाभी सांगत होत्या. "तर म्हनायचे, त्याचा बाप आत्ताच गेलाय. आत्ता कुठं सावरलाय. त्याला परत खाटंपाशी बसवू नगंस."

हे तू कोण ठरवणारा? बाप माझा होता, मैतरही माझाच होता. दोघांसाठी बसायची ताकद माझ्यात होती का नव्हती, हे मला विचारायचं होतंस. दया दाखवलीस म्हणून मी विरघळून जाईन, असं वाटलं असेल तर चुकलास. तीन दिवसांच्या वर रुसायला तुझ्यात मनाई आहे. माझ्यात नाही. मी अजून रुसलेलोच आहे, आणि समजूत काढायला पंपावर उभा राहणारा तेवढा राहिलेला नाही.

चाचा मला आतल्या खोलीत घेऊन गेले. लोखंडी खाट, गादी गुंडाळून ठेवलेली, खिडकीत दात घासायची मिस्वाकची काडी, टोक चावून झालेली. आणि उशाच्या बाजूला, उजव्या अंगाला, एक लाकडी स्टूल. चाचा म्हणाले, "ते त्यानंच ठेवायला लावलं. हललं की सरळ करायला सांगायचा. मी म्हटलं, बेटा, तू कुनाला येऊच देत न्हाईस, मग ह्ये कुनासाठी? तर म्हनला, आजून जरा उशाकडं सरकवा."

मी त्या स्टुलावर बसलो. रिकाम्या खाटेवर जिथं त्याचं कपाळ असतं, तिथं हात ठेवला. लोखंड गार होतं. चाचांनी चहा आणला, तो निवला. उन्हं उतरली, मगरिबची बांग झाली. चाचा टोपी घालून नमाजला निघाले आणि दारात थबकले.

"बसा निवांत," ते म्हणाले. "पन लई येळ झाला, घरी वाट बघत असतील."

"त्याला लई येळ बसल्यालं आवडायचं न्हाई, चाचा," मी म्हणालो. "म्हनून तर बसलोय."