फ्लॉपीला लागलेलं कुंकू

आज दसरा. माझा चहा संपायच्या आत भाच्याने लॅपटॉपमधलं सगळं पुसून त्यात नवी सिस्टिम टाकलीसुद्धा. "आता काहीच कायमचं जात नाही गं मावशी," म्हणाला. मी लॅपटॉपला कुंकू लावायला गेले आणि कुंकवाच्या त्या ओल्या वासाने मला खालापूरच्या कारखान्यात नेऊन आदळलं.

मी तिथे नोकरीला होते तेव्हा कॉम्प्युटर नवाच आलेला, तो मीच चालवायचे. सिस्टिम भरलेली फ्लॉपी, म्हणजे पातळ चौकोनी तबकडी, घातल्याशिवाय तो सुरू व्हायचा नाही. दसऱ्याची यंत्रपूजा म्हातारे फिटर धर्माकाका करायचे. लेथ मशीनला लावलं तशाच मायेने त्यांनी फ्लॉपीच्या उघड्या, चकचकीत भागालाही कुंकू लावलं. मग कॉम्प्युटर सुरूच होईना.

साहेबांनी पूजेतलाच पाना उचलून काकांच्या तोंडावर हाणला. "सगळं घालवलंस, अडाण्या!" काका कोसळले तरी लाथा थांबेनात. झेंडू रक्ताने भिजला.

"साहेब, थांबा! दुसरी फ्लॉपी आहे!" मी किंचाळले आणि कपाटातली काढून घातली. थोडी घरघर झाली, स्क्रीन उजळला. साहेबांनी हसत पेढा तोंडात टाकला.

काकांनी तळहातावर दोन दात थुंकले आणि मला विचारलं, "बाय, ह्यांची पन दुसरी जोडी हाय का गं तुज्या कपाटात?"