खालच्या सरांचा अर्धा सेकंद

जे मोजलं नाही ते घडलंच नाही, अशी श्रद्धा असलेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला आणि तो नेमका माझ्या खालच्या मजल्यावर राहतो. निवृत्त क्रीडाशिक्षक. सोसायटी त्यांना सर म्हणते, मी खालचे सर म्हणतो आणि ते मला ‘वरचे’ अशी हाक मारतात. गळ्यात काळ्या दोरीचं स्टॉपवॉच कायमचं. लिफ्ट यायला लागलेला वेळ, दूध उतू जायला लागलेला वेळ, पुतण्याच्या लग्नातल्या मंगलाष्टकांचा वेळ, सगळं वहीत आहे. मी जिना चढत असलो की बंद दाराआडून आवाज येतो, “वरचे, आज चार सेकंद जास्त. गुडघा का?” एकदा शाळेच्या क्रीडादिनी प्रमुख पाहुणे खेळाचं महत्त्व सांगू लागले तसं सरांनी बटण दाबलं आणि आभार मानायला उभे राहून म्हणाले, “साहेब सतरा मिनिटं बोलले. तेवढ्यात आमची यमुना पाच हजार मीटर धावून येते.” टाळ्या यमुनालाच पडल्या.

यमुना सुरगाण्याच्या डोंगरातली. आईबाप दर हिवाळ्यात दिंडोरीकडे द्राक्षबागांत मजुरीला यायचे, त्यांच्याबरोबर तीही. तिथल्या रस्त्यावर तिला धावताना सरांनी पाहिलं, अर्थातच घड्याळ लावून, आणि नाशिकला आणलं. पुढे एका बुटांच्या कंपनीने तिला बूट, खुराक आणि वसतिगृहातली खोली दिली. बदल्यात आठवड्याला दोन व्हिडिओ मागितले. खेळाडूने आता नुसतं खेळून चालत नाही, खेळताना दिसावंही लागतं, हे कंपनीच्या पुण्यातल्या मॅडमनी फोनवर समजावलं. सरांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “बूट धावायला दिलेत की दाखवायला?” मॅडम गोड आवाजात म्हणाल्या, “सर, दोन्ही.”

व्हिडिओ काढायचं काम सरांनी स्वतःकडे घेतलं. पहिलाच व्हिडिओ एक्केचाळीस मिनिटांचा निघाला, कारण मधली एकही फेरी कापणं ही त्यांच्या मते फसवणूक होती. मॅडमनी हात जोडल्यावर ते तीस सेकंदांवर आले. मग यमुनाने प्रेक्षकांशी बोलावं अशी सूचना आली. ती कॅमेऱ्यासमोर ताठ उभी राहिली, म्हणाली, “मी यमुना. आज लय ऊन हाय. धावते आता,” आणि खरोखरच गेली. रिकामा ट्रॅक उरला. तो व्हिडिओ सगळ्यात जास्त चालला. खाली कुणा पोराने लाल बदामांची रांग लावली, तर सरांनी त्याला उत्तर लिहिलं, “शाळा कोणती? तिथले क्रीडाशिक्षक माझ्या ओळखीचे असतील.” बदाम त्याच दिवशी नाहीसे झाले.

खरी अडचण वेगळीच होती. सरांच्या डाव्या हातात फोन असे आणि उजव्यात घड्याळ. यमुना शेवटच्या रेषेजवळ आली की नजर घड्याळावर जाई आणि फोन आपोआप खाली येई. त्यामुळे प्रत्येक व्हिडिओचा शेवट सरांच्या पँटवर आणि वीस वर्षं जुन्या कॅनव्हासच्या बुटांवर होई. लोक विचारू लागले, “काकांचे बूट कुठे मिळतात?” मॅडमचा आवाज मग गोड राहिला नाही. राज्याच्या निवड चाचणीत रेषा ओलांडतानाचा यमुनाचा चेहरा आणि कंपनीचे बूट एकाच व्हिडिओत हवेत, नाहीतर करार तिथेच संपला, असं त्यांनी कळवलं. करार संपला की खोली जाणार आणि खोली गेली की यमुना पुन्हा द्राक्षबागेत, हे आम्हा तिघांनाही कळत होतं.

“मी काढतो व्हिडिओ,” मी म्हणालो.

“तुम्ही स्वतःचा अंगठा काढाल,” सर म्हणाले. हे अनुभवाचे बोल होते.

चाचणीच्या सकाळी त्यांनी गळ्यातली दोरी काढून माझ्या गळ्यात घातली. त्यांच्या मानेवर दोरीएवढा गोरा पट्टा होता. अधिकृत वेळ यंत्रावर लागणार होती, पण सरांचा यंत्रावर विश्वास नाही. “वरचे, छाती रेषेला लागली की दाबा. डोकं नाही, हात नाही, छाती.” मग त्यांनी दोन्ही हातांत फोन आरतीच्या तबकासारखा धरला आणि शेवटपर्यंत तो हलू दिला नाही. यमुना दुसरी आली, निवडली गेली. मी बटण दाबलं, जरा उशिराच. मी तिच्याकडे बघत राहिलो होतो.

नंतर लिंबाखाली बसून सरांनी व्हिडिओ लावला. चेहरा होता, बूट होते, सगळं होतं. रेषा ओलांडताच यमुनाने मान वळवली होती आणि धापा टाकत ती थेट आमच्याकडे बघत होती.

“कॅमेऱ्याकडे का बघितलंस?” सर म्हणाले. “मी सांगितलं नव्हतं.”

यमुना बुटांच्या नाड्या सोडत होती. “कॅमेऱ्याकडं नाय सर, तुमच्याकडं. रोजच बघते. तुम्ही घड्याळात असता.”

सरांनी तो व्हिडिओ पुन्हा लावला. मग पुन्हा. मग त्यांनी सिन्नरला फोन लावला. तिथे त्यांचा एक जुना विद्यार्थी एसटीत कंडक्टर आहे. नमस्कार वगैरे न करता सरळ विचारलं, “तू रेस संपली की कुठं बघायचास रे?”

पलीकडे बसचं इंजिन धडधडत होतं. “कुठं म्हणजे? तुमच्याकडंच की सर.”

“आणि बाकीची पोरं?”

“समदेच बघायचे,” तो हसून म्हणाला. “का हो सर? काय झालं?”

“काही नाही. तिकिटं फाड,” म्हणून सरांनी फोन ठेवला. माझ्याकडून घड्याळ परत मागायला त्यांना बराच वेळ लागला. किती, ते कुणी मोजलं नाही.

कंपनीने करार वाढवला. व्हिडिओ आता मॅडमनीच नेमलेला माणूस येऊन काढतो आणि सरांचे दोन्ही हात मोकळे असतात. पण त्यांच्या वहीतल्या वेळा हल्ली चुकतात. यमुनाने मनगटावरच्या घड्याळाशी ताडून पाहिलं. दर वेळी अर्धा सेकंद जास्त.

“सर, हा अर्धा सेकंद जातो कुठं?” तिने परवा मैदानावर माझ्यासमोरच विचारलं.

“वारा असतो समोरून,” सर वहीत डोकं घालून म्हणाले.

लिंबाचं पानही हलत नव्हतं.