आक्कांना ऐकू आलं होतं

गाडी सुरू झाली की आक्का डोळे मिटायच्या. मागच्या सीटवर, मांडीवर पिशवी, मान जराशी कलती. बघणाऱ्याला वाटायचं, बाईला डुलकी लागली. मलाही आधी तसंच वाटलं होतं. त्या इंजन ऐकत असत.

सेनगावजवळच्या एका गावात मी मालकांची मोटार चालवायचो. आक्का म्हणजे मालकांची थोरली विधवा बहीण. गावात तेलाच्या इंजनावर चालणारी पिठाची गिरणी होती, ती त्याच सांभाळत. अंगावर सदा पिठाची पांढुरकी झाक. तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल, बोलतं कमी आणि ऐकतं जास्त. आपण त्याला साधंभोळं समजून मोकळे होतो.

एकदा चढावर त्या डोळे न उघडता म्हणाल्या, "इंजन पळून राहिलं, गाडी न्हाई."

"चढ हाय, आक्का."

"गेल्या बाजारी बी हाच चढ व्हता. तवा तर पळाली. काहून रे, तुझ्या गाडीत पट्टा हाय का?"

मला हसू आवरलं नाही. "ही गिरणी न्हाई आक्का, मोटार हाय."

संध्याकाळी चावडीवर मी त्यांची नक्कल करून दाखवली. डोळे मिटून, मान वाकडी करून. लोक पोट धरून हसले.

आता खरं सांगतो. गिरणीत इंजनाचा जोर जात्यापर्यंत पट्टा नेतो. मोटारीत तेच काम क्लचची प्लेट करते. पट्टा गुळगुळीत झाला की सरकतो. इंजन फिरतं, जातं रेंगाळतं, जळका वास येतो. प्लेट झिजली की गाडीचंही तसंच होतं. आक्कांनी प्लेट कधी पाहिली नव्हती, पण बरोबर तिच्यावरच बोट ठेवलं होतं.

आणि मला ते ठाऊक होतं. वास मलाही येत होता. पेडलवरून पाय जवळजवळ पुरता उचलल्याशिवाय गाडी हलत नव्हती. हिंगोलीच्या मिस्त्रीनं बजावलं होतं, "डावा पाय खाली ठेव. चढावर गाडी ब्रेकवर धर, क्लचवर नको." पण पेडलवर पाय टेकवून ऐटीत बसायची माझी सवय सुटली नव्हती. मालकांना सांगावं तर खोड उघडी पडणार. त्यात दुसऱ्या महायुद्धाच्या लढाईचे दिवस. प्लेट हैदराबादेहून यायला महिने लागत.

मालक विचारायचे, "गाडी बराबर हाय ना?"

"एकदम बराबर, मालक."

आक्कांनी आणखी एकदा मला गाठलं. "हसू नको, ऐक. पट्टा सरकाया लागला की मी दाणे कमी टाकते आन् नवा पट्टा मागवते. तू काय करून राहिला?"

"बघतो, आक्का."

मी काहीच बघितलं नाही.

त्यांची एकुलती एक लेक हिंगोलीत होती. जावयाची हैदराबादला बदली झाली. दुपारच्या आगगाडीनं ती लेकराला घेऊन निघणार होती. आक्का सकाळीच मोटारीत येऊन बसल्या. बरोबर पिठाचे दोन डबे आणि नातवासाठी शिवलेलं कुंची-अंगडं.

अर्ध्या वाटेवर ओढ्याच्या चढाला गाडी थांबली. इंजन नुसतं ओरडत राहिलं, बोनेटखालून धूर आला. वाटसरूंनी ढकलली, पण ती जागची चार हातच सरकली. आक्का खाली उतरल्या. मागून आलेल्या बैलगाडीत बसून पुढे गेल्या. हिंगोलीच्या ठेसनावर पोचल्या तेव्हा फलाट रिकामा होता.

दुसऱ्या दिवशी मालकांनी वाड्यासमोर, चारचौघांत मला विचारलं, "कशानं झालं हे?"

माझ्या तोंडून निघालं, "वझं लई झालं, मालक. आक्कांनी सामान भरलं व्हतं."

मालक बहिणीवर उसळले. "आक्का, मोटार हाय का तट्टू? काय काय लादती तू तिच्यावर?"

आक्कांनी माझ्याकडे बघितलं. मग पदर सावरला आणि गिरणीकडे चालू लागल्या. त्यानंतर त्या मोटारीत कधी बसल्या नाहीत.

महिन्याभरानं मी गिरणीत गेलो. इंजनाच्या आवाजात माझे शब्द पुरते ऐकूही जात नव्हते, तरी म्हणालो, "आक्का, चूक माझी व्हती."

"मला म्हाईत हाय," त्या म्हणाल्या. "भाऊला सांग."

"तुमीच काहून न्हाई सांगितलं?"

"तुला काढलं असतं. घरी तुझी लहान लेकरं हायेत."

उद्या सांगतो, म्हणालो. तो उद्या उजाडला नाही. लढाई संपली, नवी प्लेट आली, आणि एका हिवाळ्यात चार दिवसांच्या तापानं आक्का गेल्या. त्या दिवसानंतर लेकीची गाठ पडलीच नाही.

हैदराबादेहून येणाऱ्या लेकीला आणायला मालकांनी मलाच हिंगोलीच्या ठेसनावर धाडलं. ती नातवाला घेऊन मागं बसली. मग म्हणाली, "त्या दिवशी आई येईल म्हणून मी आगगाडी सुटेपर्यंत दारात उभी होते. मामानं लिहिलं, सामानामुळं मोटार बिघडली. आईला डब्यांची एवढी काय पडली होती हो?"

मी गाडी कडेला घेतली. मागे वळून बघायची हिंमत झाली नाही. समोरच्या काचेकडे बघत सगळं सांगितलं. चावडीवरची नक्कलसुद्धा.

गाव कोसभर राहिलं होतं. तिनं दार उघडलं, लेकराचं बोट धरलं आणि तुरीच्या शेतांमधल्या वाटेनं चालू लागली. मी हाक मारली नाही. ती दोघं दिसेनाशी झाली तरी मी गाडीतच बसून होतो.