पाणी चढत होतं

हयातीच्या आईबद्दल मी सगळ्यांना जे सांगते ते खोटं आहे. हे वाक्य आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही — इक्बालसमोर नाही, म्हणजे माझ्या नवऱ्यासमोर नाही, गावाकडे अब्बांसमोर नाही, आणि शारजात, अल मजाजच्या आमच्या बिल्डिंगमध्ये तर नाहीच नाही. तुम्हाला का सांगते आहे? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. हॉलमधला तो फोटो आता मला बघवत नाही, म्हणूनही असेल.

फोटो तसा छान आहे. मोठ्या नदीवर, लाकडी होडीत आम्ही बसलोय. माझ्या डोक्यावर सुपाएवढी पानांची टोपी, मांडीवर माझी लेक आयरा, मागे आमच्याकडे राहून काम करणारी हयाती, खळखळून हसणारी. आजूबाजूला फळं-भाजी विकणाऱ्या बायकांच्या अरुंद होड्या, एकीला एक खेटून. घरी येणारा प्रत्येक जण विचारतो, हे कुठलं? मग मी सांगते — इंडोनेशिया, बंजारमासिन, तिथला पाण्यावरचा बाजार. हयातीचं गाव तिथलंच ना, तिची आई आजारी होती, म्हणून ईदच्या सुट्टीत तिला भेटवून आणलं. पाहुणे म्हणतात, माशाल्ला, मेडसाठी एवढं कोण करतं? आणि मी मान खाली घालते. लाजल्यासारखी. त्या खाली घातलेल्या मानेची मला शिसारी येते.

गेलो होतो, हे खरं आहे. भेटवलं — हे खोटं आहे.

पण थांबा, आधी अब्बांचं सांगायला हवं. मी टाळते आहे असं वाटेल तुम्हाला. टाळतेच आहे. पण अब्बांशिवाय हे कळणार नाही.

मी रायगडातल्या खाडीकाठच्या गावची. अब्बा तरुणपणी इथेच, शारजात, एका अरबाच्या लाँचवर कामाला होते. ज्याच्या व्हिसावर राहायचं तो कफील, म्हणजे मालक, आणि तेव्हा सगळ्यांचेच पासपोर्ट कफीलकडे असायचे. माझी दादी वारली तेव्हा अब्बांनी पासपोर्ट मागितला. तो म्हणाला, सीझन संपू दे, इन्शाल्ला. सीझन संपल्यावर अब्बा आले, बॅग ओटीवर टाकली आणि घरात न शिरता थेट कब्रस्तानात गेले. मी लहान होते, त्यांच्यामागून पळत गेले होते. त्या दिवसापासून आमच्या घरात कफील ही शिवी झाली. भावाने माझा खाऊ लपवला की मी त्याला कफील म्हणायचे. अम्मी तर त्या न बघितलेल्या माणसाला रोज भाकऱ्या थापता थापता बददुआ द्यायची.

आणि मी? मी लग्न होऊन शारजात आले, नोकरीला लागले, आयरा झाली, हयातीला घरात ठेवलं — आणि पहिल्याच दिवशी तिचा पासपोर्ट माझ्या कपाटात ठेवला. कायद्याने असा ठेवता येत नाही, हे मला ठाऊक होतं. ‘सेफ्टी के लिए’ असं मी तिला म्हटलं. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं म्हणतात. मला तर दुसऱ्याच्या डोळ्यातलं मुसळ दिसलं होतं, आणि तरी तेच उचलून मी माझ्या घरात आणलं.

हयातीबद्दल वाईट बोलायला माझ्याकडे काही नाही. बरं झालं असतं, असतं तर. आयरा तिच्या कानाची पाळी धरल्याशिवाय झोपायची नाही. मी सकाळी दुबईच्या ट्रॅफिकमध्ये शिरायचे ती संध्याकाळी परत, आणि मधलं सगळं घर हयातीचं. हिंदी ती टीव्हीवरून आणि माझ्याकडून शिकली. मला बाजी, म्हणजे ताई म्हणते. ती नसती तर माझी नोकरी आठवडाभरही टिकली नसती. कारण म्हणून सांगत नाही हे. होतं ते सांगते.

तिची आई आयुष्यभर त्या पाण्यावरच्या बाजारात होडीतून केळी विकायची. मग अर्धांगवायूचा झटका आला, आणि वाचा गेली. व्हिडिओ कॉल लागला की हयातीची वहिनी म्हातारीच्या तोंडापुढे फोन धरायची, आणि म्हातारी छताकडे बघत राहायची. हयाती इकडून हाका मारायची, मग फोन ठेवून घासलेलीच भांडी पुन्हा घासायला लागायची. एकदा म्हणाली, “बाजी, फोन में माँ नहीं मिलती. हाथ लगाना है.”

तिने सुट्टी मागितली. मी नाही म्हटलं का? छे, मी कधीच नाही म्हणत नाही. मी म्हटलं, आयराची शाळा सुरू होऊ दे. मग म्हटलं, माझं ऑडिट होऊ दे. तेवढ्यात समोरच्या फ्लॅटमधल्या रुखसानाभाबींची मेड सुट्टीवर गेली ती आलीच नाही. भाबी म्हणाल्या, “घरी पाय टाकला ना, की खलास. माय रडते, भाऊ रडतो, आणि तू इथे बस भांडी घासत.” हे माझ्या डोक्यात घट्ट बसलं.

मग मला युक्ती सुचली. आपण सगळेच जाऊ! चार दिवस बालीला, आणि येताना एक दिवस हयातीच्या गावाकडे. ती आईला भेटेल, आणि आमच्यासोबतच परत येईल. हयातीने माझे हात धरून डोळ्यांना लावले. मी ही गोष्ट बिल्डिंगभर करून टाकली. जाण्याआधीच माझं एवढं कौतुक झालं की मला स्वतःबद्दल खरोखर चांगलं वाटायला लागलं होतं.

एअरपोर्टवर इमिग्रेशनला पासपोर्ट तिच्या हातात द्यावा लागला. पलीकडे गेल्या गेल्या मी हात पुढे केला, आणि तिने तो परत दिला. इक्बालच्या ते लक्षातही आलं नाही.

बालीहून बंजारमासिनला आलो, तिथल्या हॉटेलातूनच एक दिवसाची टूर घेतली होती — भल्या सकाळी पाण्यावरचा बाजार, मग नदीकाठचं एक गाव, मग परत. गाइड रूडी म्हणून, तोंडाची टकळी अखंड चालू. त्याला सांगून ठेवलं होतं की वाटेत हयातीच्या घराकडे जाणाऱ्या नदीच्या फाट्यात होडी आत घ्यायची. हयाती नवा ड्रेस घालून बसली होती. मांडीवर पिशवी — आईसाठी खजूर, मालिशचं तेल आणि शारजातून घेतलेली एक मऊ मॅक्सी. पिशवी तिने खाली ठेवली नाही.

बाजारात पोचलो आणि होड्या आमच्या होडीला चिकटल्या. बायका कडा धरून आमच्याबरोबर वाहत राहायच्या आणि संत्री, केळी, वाफाळते गोड पदार्थ पुढे करायच्या. इक्बालने तेव्हाच तो फोटो काढला. हयाती हसते आहे ना त्यात? तिला वाटतंय, थोड्याच वेळात ती घरी पोचणार आहे. तो फोटो मी मोठा करून फ्रेम करून घेतलाय.

मग एका म्हातारीने हयातीला ओळखलं. तिच्या आईची मैत्रीण. तिने आपल्या होडीतून अर्धं अंग बाहेर काढून हयातीचं तोंड दोन्ही हातांत धरलं, गाल हुंगले. आणखी दोघी-तिघी आल्या. सगळ्या तिला नावाने हाका मारत होत्या, ती मोठ्याने बोलत होती, रडत होती, हसत होती — असा आवाज आमच्या घरात मी तिचा कधी ऐकला नव्हता. मला भीती वाटली. खरं सांगायचं तर रागही आला.

म्हातारी म्हणाली, माझ्या होडीत बस, आत्ता घरी सोडते. हयातीने मला विचारलं, मी पुढे जाऊ का, तुम्ही फिरून या. इक्बाल म्हणाला, जा की. मी म्हटलं, नको, आपण सगळेच जाऊ, आयराला तुझं घर बघायचंय. आयरा म्हणाली, “येस मम्मा, आय वॉन्ट टू सी हर हाउस.” लेकराला पुढे केलं मी. म्हातारी एकटीच वल्हवत निघून गेली, घरी निरोप द्यायला.

आता ते.

फाट्याच्या तोंडाशी रूडीने होडी हळू केली. आत दोन्ही बाजूंना खांबांवर उभी लाकडी घरं. थोडं आत, एका फळीवर दोन बायका उभ्या होत्या. एक हात हलवत होती. आणि मला पुढचं सगळं दिसलं. हयाती आत जाणार, आईच्या उशाशी बसणार. मग तिला उठवणार कोण? त्या मुक्या बाईसमोर उभं राहून ‘चल, उशीर होतोय’ म्हणायचं कोणी? मी? आणि ती उठलीच नाही तर? चोराच्या मनात चांदणं. मी पर्स काखेत आणखी दाबून धरली. तिचा पासपोर्ट त्यात होता.

खाडीकाठच्या मुलीला पाणी वाचायला शिकवावं लागत नाही. खांबावर पाण्याच्या वर ओला पट्टा दिसला तर पाणी उतरतंय — आम्ही त्याला सुकती म्हणतो. खांब वर कोरडा असला आणि पाणी त्याला चाटत असलं, तर भरती. ते खांब कोरडे होते. जलपर्णीचे हिरवे पुंजके नदीतून वळून फाट्यात आत चालले होते. पाणी चढत होतं.

मी म्हटलं, “सुकती लागलीय. पाणी उतरतंय. होडी आत गेली तर गाळात बसेल, आणि संध्याकाळची फ्लाइट जाईल.”

रूडीला तेच इंग्रजीत सांगितलं. त्याने पाण्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. पाहुण्यांचं ऐकायचं, हा त्याचा धंदा. म्हणाला, “ओके मॅडम.” इक्बाल मुंबईत वाढलेला, त्याला भरती-ओहोटी चौपाटीपुरती माहीत. तो हळहळला, छोट्या होडीचं काही जमेल का म्हणाला. मी म्हटलं, वेळ कुठे आहे?

आणि हयाती? जिच्या पाळण्याखालून ती नदी वाहिली असेल, ती? तिने होडीच्या कडेवरून हात पाण्यात सोडला. एक हिरवा पुंजका तिच्या बोटांना लागला आणि आत निघून गेला, तिच्या घराच्या दिशेने. तो लांब जाईपर्यंत ती बघत राहिली. मग तिने हात बाहेर काढला, ओढणीला पुसला, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, “जी बाजी. पानी उतर रहा है.”

का म्हणाली ती असं? आयरा रडायला लागेल म्हणून? नवऱ्यासमोर माझी लाज राहावी म्हणून? की पासपोर्ट कुठे आहे हे तिला माहीत होतं म्हणून? मी कधी विचारलं नाही. पिशवी तिने रूडीजवळ दिली, कुणाच्या तरी हाती पोचवायला. फळीवरची बाई अजून हात हलवत होती. आम्ही होडी वळवली.

इथेच संपलं असतं तरी पुरे होतं. पण टूर बाकी होती ना. रूडीने आम्हाला ठरलेल्या गावात नेलं, पर्यटकांना दाखवतात त्या घरात. तिथे एक म्हातारी होती. तिने आयराचे गाल ओढले, केळ्याची गरम भजी दिली. हयाती तिच्या शेजारी बसून आमच्यासाठी हिंदीत सांगत होती — हिला मुलं किती, ही काय विणते. बोलता बोलता म्हातारी तिच्या पाठीवरून हात फिरवत होती. मी त्याचेही फोटो काढले. आणि मी खाल्लं. भजी मागून घेतली, दुसऱ्यांदा. भूक लागली होती मला! खोटं बोलणाऱ्याच्या घशात घास अडतो म्हणतात. नाही अडत.

शारजाला आल्यावर मी सांगायला लागले, भेट झाली. इक्बालला पटवलं की खरं सांगितलं तर लोक उगीच हयातीला विचारत बसतील, तिला त्रास होईल. तिच्या भल्यासाठी! अब्बांना मी स्पीकरवर सांगितलं. अब्बा म्हणाले, “नसीम, त्या माणसाला अल्लाहने तुझं काळीज दिलं असतं, तर मी आईच्या मय्यतीला पोचलो असतो.” मग त्यांनी हयातीला फोनवर बोलावलं, हिंदीत विचारलं, भेटलीस ना बेटा आईला? हयाती कांदा चिरत होती. म्हणाली, “जी अब्बाजी, मिल ली.”

तिची आई पुढच्या थंडीत गेली. निरोप आला त्याच दुपारी मी तिकीट काढलं, कपाट उघडलं, पासपोर्ट तिच्या हातात ठेवला. इक्बालला माझ्या तत्परतेचं कौतुक वाटलं. का नसणार तत्परता? आता तिला तिथे धरून ठेवणारं कुणी उरलं नव्हतं. हा हिशेब मी तिचं रडणं ऐकता ऐकता केला होता.

रुखसानाभाबी म्हणाल्या, आता विसर तिला. पण हयाती चाळिसावा करून परत आली. कुणी आणायला गेलं नव्हतं, कुणी बांधलं नव्हतं. आयरा धावत जाऊन तिच्या गळ्यात पडली. हयातीने बॅग हॉलमध्ये ठेवली, त्या फोटोखालीच. आत पाणी प्यायलाही गेली नाही. मी न मागता तिने पर्समधून पासपोर्ट काढला आणि दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरला.

‘राहू दे, तुझ्याकडेच ठेव’ — एवढंच म्हणायचं होतं.

मी तो घेतला, आणि कपाटात ठेवला. आत्ताही तिथेच आहे.